बारा फुटी रेघ

१ जानेवारी १९९४

नवीन वर्ष, नवीन डायरी. (बियाण्याच्या कंपनीची, फुकट.) संकल्प: रागावर ताबा. कॉम्प्युटरवर मास्टरी. आणि ती.

डायरी मावशीच्या हाती लागली तर पंचाईत, म्हणून इथून पुढे तिचा उल्लेख ‘ती व्यक्ती’ असाच. प्रमिला हे नाव या डायरीत कुठेही येणार नाही.

२ जानेवारी

लोक काहीही बोलतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी कॉलेज सोडलं ते अभ्यास जमेना म्हणून नाही. केमिस्ट्रीच्या सरांशी तत्त्वाचा वाद झाला. ते म्हणाले, बाहेर हो. मी झालो. त्यांना वाटलं तासापुरता. मी कायमचा झालो. अजून पस्तावत असतील.

५ जानेवारी

रंगनाथशेठच्या डीटीपी सेंटरला लागून महिना होईल. आमच्या अख्ख्या लाइनीत रंगीत कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे. मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक. चपला बाहेर काढायच्या, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. माझी दुसरी जोडी आज चोरीला गेली. शेजारच्या खोलीत सिताराम स्क्रीन प्रिंटिंग करतो. तो म्हणाला, लिंबाजीराव, कॉम्प्युटर बसला थंडाव्यात अन् तुमी चाललात अनवाणी. मी रागावलो नाही. फक्त दार आपटलं.

वरच्या मजल्यावर टायपिंग क्लास. ती व्यक्ती चारला येते.

९ जानेवारी

आज रेघ समजली!

ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये पेनाची एक छोटी खिडकी उघडते. त्यात रेघेची जाडी सांगायची, पॉइंटात. एक पॉइंट, चार, आठ, पाहिजे तेवढी. सगळ्यात बारीक रेघेला म्हणतात हेअरलाइन. केसाएवढी. हात थरथरायचा प्रश्नच नाही.

पूर्ण दुपार लावून त्या व्यक्तीचा चेहरा काढला, एका बाजूने, हेअरलाइनमध्ये. पडद्यावर अप्रतिम. प्रिंट काढली तर कोरा कागद. उजेडाकडे धरला तर थोडा कान दिसतो. शेठ म्हणाले, कागद वाया. सिताराम म्हणाला, हुबेहूब हाय.

१४ जानेवारी

संक्रांत. विद्यापीठाचं नामांतर झालं. बाजार बंद, चौकात पोलीस, एसटी बंद. सिताराम गल्लीतून पेढे घेऊन घरी आला. मावशीनेही घेतला. मला दोन दिले. मी म्हणालो, टायपिंग क्लास किती दिवस बंद राहील रे? तो म्हणाला, आमी सोळा वर्षं काढली, लिंबाजीराव. तुमी दोन दिवसांत रडायलात.

माझ्या मार्कशीटवर जुनंच नाव राहणार. (दोन विषयांचा प्रश्न वेगळा.)

२५ जानेवारी

देव आहे.

त्या व्यक्तीचे वडील दिनकरराव स्वतः सेंटरवर आले. पाथरी रोडला त्यांचं आणि थोरल्या भावाचं, आबासाहेबांचं, वडिलोपार्जित रान आहे. एकच सलग तुकडा. त्याचे प्लॉट पाडलेत. अर्धे याचे, अर्धे त्याचे, मध्ये बांध. त्या बांधावरूनच दिवाळीपासून दोघे बोलत नाहीत. पण नकाशा एकत्र मंजूर झालाय, म्हणून हँडबिलही एकत्र काढणं भाग आहे. नकाशा मी काढायचा.

चार वाजता ती व्यक्ती जिन्यात भेटली. आपणहून बोलली. आबाकाकांनी तिला एक स्थळ आणलं होतं. जिंतूरचा मुलगा, पाटबंधाऱ्यात नोकरी. दिनकररावांनी परत पाठवलं. म्हणाले, त्याच्या हातचं पानी पीत न्हाई मी, जावई कसला घेतो? हे सांगून ती हसली. का हसली यावर विचार चालू आहे.

निष्कर्ष मात्र स्पष्ट. भावांचं भांडण आहे तोवर जिंतूर नाही. भांडण टिकलं पाहिजे. तेवढ्यात मी स्वतःचं सेंटर टाकतो.

२ फेब्रुवारी

अनर्थ होता होता राहिला. नकाशा सुंदर काढला. मधला बांध हेअरलाइनने, नाजूक. सितारामने नमुना छापला आणि बांध गायब! दिनकररावांच्या आधी नेमके आबासाहेब आले. कागद हातात घेऊन बांधाच्या जागी बोट फिरवलं. मग म्हणाले, आमच्या बापाच्या वेळंला असंच होतं रान. एकसलग. डोळे पुसले.

मी कागद हिसकावून घेतला. म्हणालो, चुकीचा नमुना आहे.

एक केसाएवढी रेघ पुसली गेली तर माणसं विरघळायला लागतात. रेघ जाड पाहिजे.

३ फेब्रुवारी

आठ पॉइंट! मोठ्या कागदावर प्रिंट काढून दिनकररावांना दाखवली. खूश. म्हणाले, ह्याला म्हनतेत बांध. जाताना माझं नाव विचारलं. गाव विचारलं. वालूर म्हणालो तर म्हणाले, चांगलं हाय. मुलीचे वडील उगीच कोणाचं गाव विचारत नाहीत.

८ फेब्रुवारी

हँडबिलासाठी आज नकाशा निम्मा केला. प्लॉट लहान झाले, नंबर लहान झाले, बांधाची रेघ मात्र आहे तेवढीच. पोरगं वाळलं आणि सदरा तोच, तसं. बाकीच्या रेघा बारीक, त्यांचं काही वाटत नाही. बांधाची पार म्हैस झाली.

पेनाच्या खिडकीत एक चौकोन सापडला. त्यात टिक केली की चित्राबरोबर रेघही बारीक होते. नाही केली तर जाडी अढळ. बराच वेळ बघत बसलो. टिक केली नाही. याला मी चूक म्हणणार नाही. धोरण म्हणेन.

हँडबिलं छापून झाली. शनिवारच्या बाजारात वाटायची.

१२ फेब्रुवारी, दुपार

आबासाहेब आले, चपला घालून थेट आत. बरोबर आश्रुबा म्हणून एक म्हातारे, जमीन मोजणीतले रिटायर्ड. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली, हँडबिलावर ठेवली, तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि म्हणाले, बांध बारा फुटाचा भरतो.

आबासाहेब ओरडले, बारा फूट? बांधावरून हत्ती न्यायचाय का त्याला?

तेवढ्यात दिनकरराव. तेही चपला घालून. म्हणाले, बारा फूट माज्यातून गेले, अन् बोंबलायलाय कोन? शेठ मध्ये पडले तर दोघांनी मिळून शेठला गप्प केलं. बाहेर ही गर्दी.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

आयुष्यातला सर्वोत्तम दिवस. हे भांडण आता नातवंडांपर्यंत जातं. म्हणजे दिनकररावांच्या नातवंडांपर्यंत, पर्यायाने माझ्या मुलांपर्यंत.

१५ फेब्रुवारी

ती व्यक्ती जिन्यात थांबली. विचारलं, रेघ तुमी मुद्दाम जाड केली का वो? मी म्हणालो, टेक्निकल बाब आहे. म्हणाली, काकू रोज रडायल्यात. आमी पोरी चोरून भेटायलोत त्यांना, मंदिराच्या निमित्तानं. आवाज बसला होता तिचा.

घरातल्या गोष्टी ती परक्याला सांगेल का? नाही. म्हणजे मी परका नाही.

(काकू रडतात हे मात्र जेवताना आठवलं. अर्धी भाकरी ठेवली. मावशी म्हणाली, पोट बिघडलं का?)

१९ फेब्रुवारी

आज जे झालं त्यात माझा दोष नाही.

दोघे भाऊ पुन्हा आले. आश्रुबा मध्ये. आबासाहेबांचा आरोप: रेघ धाकट्याने आमच्याकडं सरकवली, या पोराला फितवून. इथपर्यंत मी शांत होतो. मग ते म्हणाले, कॉलेजातून हाकललेलं पोरगं, ह्याला काय कळतंय जमिनीतलं?

हाकललेलं!

मी म्हणालो, हाकललेला नाही, सोडलेला आहे. आणि मला काय कळतं ते इकडे या, दाखवतो. चपला बाहेर काढा आधी!

काढल्या. दोघांनी. बाहेर जाऊन, शेजारी शेजारी. आत आले.

मी नकाशा पडद्यावर मोठा केला. बांधाची जाडी शून्य करून दाखवली. मधोमध केसासारखी खरी रेघ. मग एक पॉइंट, दोन, चार, आठ. म्हणालो, बघा. खरी रेघ आहे तिथेच राहते. जाडी दोन्हीकडे सारखी वाढते. बारातले सहा तुमचे, सहा यांचे. कोणाला एक इंच कमी नाही, जास्त नाही. यात माणसाला काही करताच येत नाही.

आश्रुबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हणाले, मशीन इमानदार हाय. दोन्ही भाऊ पडद्याकडे बघत राहिले. मग बाहेर जाऊन शेजारी शेजारी चपला घातल्या आणि गेले.

आबासाहेब जन्मात पुन्हा कोणाच्या शिक्षणावर बोलणार नाहीत. विजय.

सिताराम म्हणाला, लिंबाजीराव, तुमी जिंकलात का हरलात, ते दोन-चार दिवसांनी सांगतो.

२७ फेब्रुवारी

शेठ सांगत होते, प्लॉटला गिऱ्हाइकं लय यायलीत. सगळ्यांना मधल्याच रस्त्याला लागून प्लॉट पाहिजे. मी विचारलं, मधला रस्ता कुठला? शेठ म्हणाले, तूच काढलास की, एवढा जाड.

लोक माझ्या बांधाला रस्ता समजायला लागलेत.

२ मार्च

दोघे एका लुनावर आले. आबासाहेब मागे बसलेले. चपला न सांगता बाहेर. दिनकरराव म्हणाले, दादाचे सहा, माजे सहा, आमी बांधच मोडतो. नव्या हँडबिलावर त्या रेघेत लिही, ‘बारा फुटी रस्ता’. अक्षर पांढरं पाहिजे, उठून दिसलं पाहिजे.

शेठने चहा मागवला. एक कप कमी आला. थोरल्याने कपात घेतला, धाकट्याने त्याच कपाची बशी उचलली. त्याच्या हातचं पाणी पीत नव्हते ना?

पांढऱ्या अक्षरात लिहिलं. उठून दिसतं.

५ मार्च

प्लॅन. शेठ जेवायला गेले की फाइल उघडायची, रस्त्याची रेघ हेअरलाइन करायची. रस्ताच नसला तर समझोता कशावर टिकणार?

केली. लाइट गेली. सेव्ह झालं नव्हतं. लाइट आली. रस्ता होता.

१० मार्च

ती व्यक्ती क्लासला नाही. कालही नव्हती. सिताराम म्हणाला, जिंतूरची मानसं येऊन गेली म्हनतेत, आबासाहेबांच्या वाड्यावर नाय, धाकट्याच्या घरी. दोघा भावांनी मिळून पंगत वाढली.

जेवण नाही. मावशीने पोटाला ओवा दिला.

११ मार्च

निर्णय झाला. उद्या सरळ दिनकररावांच्या घरी जायचं. मागणी घालायची. काय बोलायचं ते तयार आहे: मी वालूरचा, घरची शेती आहे, हाताला कला आहे, भविष्य कॉम्प्युटरचं आहे. राग येऊ द्यायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही.

१२ मार्च

गेलो. ‘मी वालूरचा’ इथपर्यंत बोललो.

दिनकररावांनी हात धरून आत नेलं. पाटावर बसवलं. सगळ्या घराला हाका मारल्या. म्हणाले, हेच ते पोरगं. ह्याच्यामुळं आमचं घर जुडलं. आबासाहेबही होतेच. काकूंनी कुंकू लावलं. त्या आता रडत नाहीत, चांगल्या हसतात. मग टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने घातली, थोडी मोठी होती, कानावर आली. सगळे म्हणाले, शोभून दिसतंय.

माणसाच्या डोक्यावर आहेराची टोपी असताना त्याला मागणी घालता येत नाही. मी प्रयत्न केला. टोपी सावरली गेली, तेवढंच. आतल्या दारात ती व्यक्ती उभी होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण आनंदाचं. हे मी ओळखलं. इतकं तरी मला ओळखता येतं.

पोहे खाल्ले. नाही म्हणता येत नव्हतं.

१३ मार्च

टॉवेल मावशीने वापरायला काढला. मी भांडलो. मग तिच्याजवळ बसून रडलो. तिने टॉवेल दिला.

२ एप्रिल

संकल्प नव्याने. कॉलेजला पुन्हा नाव घालायचं. केमिस्ट्रीच्या सरांची माफी मागायची नाही, पण समोरून जाताना नमस्कार करायचा. जिंतूरकडे जाणारी एसटी दिसली की तोंड फिरवायचं नाही. आज तीन दिसल्या. तिन्ही वेळा फिरवलं.

१८ एप्रिल

ती व्यक्ती आली. चप्पल काढून, आत, माझ्या खुर्चीजवळ. लग्नपत्रिकेचा मजकूर आणला होता. म्हणाली, पत्रिका तुमच्याच हातची पाहिजे, बाबा अन् काका दोघंबी म्हणाले. बॉर्डर नाजूक ठेवा बरं का, लिंबाजीदादा.

दादा.

मी म्हणालो, ठेवतो.

टाइप केलं. चि. सौ. कां. प्रमिला. या डायरीत हे नाव येणार नव्हतं. पण आता ते छापूनच येणार आहे, पाचशे लोक वाचतील. मावशी काय करणार?

बॉर्डर पूर्ण दुपार लावून काढली. वेलीची, पानं, कळ्या, चारी कोपऱ्यांत एक एक मोर. सगळी हेअरलाइनमध्ये. पत्रिकेच्या मापाला लहान केली, तेव्हा त्या चौकोनात टिक केली. या वेळी धोरण नव्हतं. रेघही लहान झाली.

सितारामने नमुना छापला. शेठने बघितला. म्हणाले, बॉर्डर कुठाय?

मी म्हणालो, आहे. दिसत नाही.

सितारामने कागद घेतला, दारात नेऊन उजेडाकडे धरला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. बराच वेळ बघितलं त्याने. मग म्हणाला, हाय शेठ. मोर हायेत. बारीक हाय, पण हाय.

शेठ म्हणाले, असून काय उपयोग? जाड कर.

केली.