दुसऱ्या पाळीची दाढी

९ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इतक्या दिवसांनी पत्र लिहितोय आणि तेही कामापुरतं, म्हणून मामी नाक मुरडतील. त्यांना सांगा, भाचा आहे तसाच आहे, फक्त त्याच्या मानेची चाळण झाली आहे.

बसच्या बॉड्या रंगवायच्या आमच्या विभागात सध्या डबल पाळी चालू आहे. सकाळी सातला स्प्रेगन हातात घेतली की संध्याकाळी सातलाच खाली. तोंडाला रबरी कडेचा मास्क असतो, त्याला दोन बाजूंना हवा गाळायचे दोन डबे. गालावर खुंट असले तर रबर नीट चिकटत नाही आणि रंगाची वाफ आत शिरते. म्हणून सुपरवायझर सकाळी एकेकाला उभं करतो, डब्यांवर हात दाबून श्वास ओढायला लावतो. मास्क तोंडाला चिकटला तरच आत सोडतो. डबल पाळीवाल्याने दुपारच्या सुट्टीत पुन्हा दाढी करावी असा नियम आहे. बेसिन आहे, आरसाही आहे. पण माझी दाढी तुम्हाला माहीतच आहे. दोन वाजले की हाताला लागायला लागते.

म्हणून दुकानातून एक भारी रेझर आणला. दाढी छान टिकते, पण मान सोलून निघाली, पुळ्या आल्या आणि त्यावर रबर घासलं की डोळ्यांत पाणी येतं. कमी लागेल आणि जास्त टिकेल असा रेझर कोणता, हे तुमच्याखेरीज कोणाला विचारू?

आई बरी आहे. तुम्ही पत्र लिहीत नाही म्हणून रुसली आहे.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका),
फुग्या


१७ जानेवारी

चि. फुग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून उभ्याउभ्याच वाचलं. फेस वाळला, गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडू लागलं, तरी शेवटपर्यंत वाचलं.

अरे, रेझर दोनच जातीचे, मवाळ आणि जहाल. तू आणलास तो जहाल. त्याची फट मोठी असते, पातं कडेच्या बाहेर डोकावतं. एकदा फिरवला की केस मुळाशी छाटतो, पण हात जरासा वाकडा पडला की कातडीही घेतो. मवाळाचं पातं अंग चोरून बसतं. त्याला एकदा फिरवून भागत नाही. आधी केसांच्या दिशेने, मग आडवा आणि शेवटी अगदी हलक्या हाताने उलटा. दर वेळी फेस नवा. वेळ लागतो, पण कातडी शाबूत राहते. तुझ्या मानेवर केस भोवऱ्यासारखे फिरतात, तिथे जहाल चालणारच नाही. लहानपणी तुझं पहिलं जावळ मीच काढलंय, मला सांगू नकोस.

माझा स्वतःचा मवाळ रेझर सोबत पाठवतोय. वीस वर्षं वापरातला आहे, सांभाळ. पातं तीन दिवसांच्या वर चालवू नकोस. आधी गरम पाण्याचा फडका दोन मिनिटं तोंडावर ठेव. एवढं केलंस तर संध्याकाळी सातला तुझा गाल सकाळसारखाच गुळगुळीत राहील, हा माझा शब्द. त्या सुपरवायझरला सांग, मामाचं सलून आहे, दुपारी बेसिनपाशी रांग लावायची भाच्याला गरज नाही.

अक्काला सांग, मी रुसवा काढायला येतोच आहे. फक्त दुकान सोडवत नाही.

मामीचे आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा


२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रेझर मिळाला. मान बरी झाली, पुळ्या गेल्या. आई म्हणते की पंधरा वर्षांनी मुलाचा चेहरा दिसला. तुमचा निरोप मी सुपरवायझरच्या कानावर घातला. तो दुपारी खूण करतो, मी म्हणतो मामांचं सलून आहे, आणि तो हसून पुढे जातो. आता साऱ्या विभागात माझं नाव मामा पडलं आहे.

काम इतकं आहे की जेवून बाकावर पडलो की भोंगा वाजेपर्यंत शुद्ध नसते. घसा जरा धरलाय, खोकला येतो. हवा बदलली असेल. काळजी नसावी.

आठवण ठेवावी, मी तर रोज सकाळी आरशासमोर काढतोच.

फुग्या


११ जून

चि. फुग्यास,
आशीर्वाद.

अक्काचं पत्र दहा-बारा दिवसांपूर्वी आलं. त्यातल्या शब्दाशब्दाने मला फोडून काढलं आहे आणि तो तिचा हक्कच आहे. तू आठ दिवस दवाखान्यात होतास हे मला त्या पत्रातून कळलं. रंगात घालायच्या त्या हार्डनरची वाफ महिनोन् महिने छातीत गेली, आता रंगाच्या नुसत्या वासानेही दम लागतो, डॉक्टरांनी रंगाच्या विभागात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं आहे, असं ती लिहिते. शेवटी लिहिते की माझ्या भावाने शब्द दिला आणि माझ्या मुलाची छाती गेली. खाली सहीसुद्धा केलेली नाही.

पत्र वाचून दुकान दोन दिवस बंद ठेवलं. मग जे जानेवारीत करायला हवं होतं ते केलं. एक नवा मवाळ आणि तुझ्यासारखाच एक जहाल रेझर आणला. आठ दिवस डावा गाल मवाळाने आणि उजवा जहालाने केला, आणि तासातासाने बोट फिरवून पाहिलं. मवाळ एकदाच फिरवला तर दुपारी बाराला खुंट लागतात. तीन हात फिरवले तर दोन-अडीचपर्यंत टिकतं. जहाल त्याहून तासभर पुढे, तोही कातडीची किंमत घेऊन. चारला दोन्ही गाल सारखेच खरखरीत. आणि माझी दाढी तर तुझ्यापेक्षा विरळ.

संध्याकाळी सातपर्यंत टिकेल असा रेझर नाहीच, फुग्या. मवाळही नाही, जहालही नाही. दुपारी पुन्हा बेसिनपाशी उभं राहणं एवढाच उपाय होता, आणि तेवढ्याचीच गरज नाही असं मी लिहिलं. तो मास्क मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं की माझं काम संपतं. तुझं काम त्यानंतर सुरू व्हायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आता कोणाच्या गळ्याशी पातं नेलं की हात थांबतो. मला दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

मामा


३० जुलै

चि. फुग्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही. तब्येतीमुळे लिहवत नसेल असं मामी म्हणते. मीही तेच धरून चाललो आहे.

दुकान सोडलं. दोन्ही खुर्च्या उचलून नेल्या, आता तिथे इस्त्रीवाला बसतो. लोक विचारतात, डोळ्यांचं काही आहे का. मी हो म्हणतो.

औषध वेळेवर घे. अक्काला माझा नमस्कार सांगितलास तर बरं वाटेल, नाही सांगितलास तरी समजेन.

मामा


१४ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र जूनमध्ये लिहायला हवं होतं. तुमची दोन्ही पत्रं माझ्या कपाटात आहेत. दुसरं आलं त्या दिवशी मी कागद घेऊन बसलो होतो, पण वर तारीख घातली आणि उठलो.

मामा, तुम्ही सांगितलेलं मी केलंच नाही. पहिले पंधरा दिवस तीन हात फिरवले, फडकाही ठेवला. मग डबल पाळीचा शीण चढला. सकाळी एकच हात, घाईघाईत, तोही दहा-दहा दिवस जुन्या पात्याने. सातच्या तपासणीत मास्क चिकटायचा, कारण तेव्हा दाढी ताजीच असायची. दुपारी रबराच्या कडेने रंगाचा वास आत यायचा. फेब्रुवारीपासून यायचा, मला कळत होतं. बेसिन वीस पावलांवर होतं. बाकीचे जाऊन दाढी करून यायचे, मी बाकावर झोपायचो आणि सुपरवायझरला तुमचं नाव सांगायचो. एप्रिलमध्ये त्याने एकदा बजावलं की मामा असोत की आजोबा, दाढी कर. मी रागावून त्याला म्हटलं की माझ्या मामांनी शब्द दिलाय.

दवाखान्यात आई उशाशी बसून सारखं विचारायची की असं झालं कसं. मी तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. खोटं काही बोललो नाही, फक्त पत्र दिलं. तिने पुढचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती तुमच्यावर चिडली म्हणून माझ्यावर चिडायची राहिली, आणि मला ते सोयीचं वाटलं. तुम्ही दुकान सोडल्याचं वाचलं तेव्हा वाटलं, आता सांगून काय उपयोग. तेही सोयीचंच होतं.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर आईला सगळं सांगितलं. ती ताट तसंच ठेवून आत गेली. सकाळी बाहेर आली आणि म्हणाली की आधी त्याला लिही, मग माझ्याशी बोल.

मला आता स्टोअरमध्ये बसवलं आहे. स्क्रू आणि काचा मोजून देतो. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, एरवी ठीक आहे. तिथे मास्क लागत नाही, त्यामुळे दाढी वाढली तरी कोणी विचारत नाही.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. माया ठेवावी असं लिहिण्याचा हक्क तुम्ही द्याल तेव्हा लिहीन.

फुग्या


२३ ऑक्टोबर

चि. फुग्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून हायसं वाटलं असं लिहावं म्हणून तीन वेळा बसलो. तसं वाटलं नाही. राग आला, आणि राग ओसरल्यावर तू चार महिने जिना चढताना थांबत होतास तेव्हा मनात काय काय घेऊन थांबत असशील, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

सगळं आपल्या अंगावर ओढून घेऊ नकोस. तू झोपलास हे खरं, पण तुझ्या डोक्याखाली उशी मी दिली होती. ज्या गोष्टीतलं मला कळत नव्हतं तिच्याबद्दल शब्द दिला, कारण भाच्याने विचारलं आणि मला फुशारकी मारायची होती. माझा वाटा माझ्याकडे राहू दे. मला फक्त एवढंच लागलं की माझ्यासारख्या माणसाला तू एका ओळीने सोडवू शकत होतास.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी निवृत्त झालेले हेडमास्तर घरी आले. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाले की नव्या ठिकाणी मन लागत नाही, इथेच ओट्यावर करून दे. मामीने गरम पाणी आणून ठेवलं. मला वाटलं, आता हात चालेल, आता काय अडचण आहे. गाल झाले. हनुवटीखाली आलो आणि पातं लागलं. हेडमास्तर रुमाल गळ्याशी धरून मामीला मुलांची खुशाली विचारत बसले. मी पातं काढून पुसलं, रेझर धुऊन ठेवला आणि त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आलो.

पत्र जूनमध्ये आलं असतं तर हात राहिला असता की नाही, मला ठाऊक नाही. मी तुला विचारणार नाही. तूही स्वतःला विचारत बसू नकोस.

अक्काचं पत्र आजच आलं, दोन ओळींचं. या वेळी खाली सही आहे. तिला घेऊन आठ दिवस इकडे राहायला ये. आमचं घर तळमजल्यावर आहे, जिना नाही, अंगणात कडेला झाडं आहेत, तुला श्वास घ्यायला बरं पडेल. मामी तुझी खोली झाडायला लागली आहे.

माया ठेव असं लिहायला हक्क लागत नाही, वेड्या. ती आहेच. ये.

दाढी मात्र घरूनच करून ये.

तुझा मामा