भैयाजींच्या तारखा आणि रिकामी ढोली

ब्रह्मपुरी,
ऐन मंडईच्या जत्रांचे दिवस

आदरणीय गुलाबमामा,

रश्मीचा सप्रेम जयभीम. तुमचं बीपी आणि मामींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात तुमचा इलाज नाही.)

पुण्याची नोकरी सोडून मी इकडे आले आणि नाटकवाल्यांचं काम धरलं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसला होता. म्हणून बातमी पहिली तुम्हालाच: मी जिंकले! वडसाच्या भैयाजींच्या नाटक कंपनीच्या हंगामातल्या साऱ्या तारखा, म्हणजे कोणत्या गावच्या मंडळाने कोणतं नाटक कधी ठरवलं ते सगळं, माझ्या यंत्रणेवर चालतं. ती कंटेनरांत चालते. हा शब्द कंपनीत कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला डबा म्हणतो. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान डब्यात. नवी आवृत्ती आली की जुना डबा खुशाल फेकायचा आणि नवा ठेवायचा. तारखा मात्र डब्यात नसतात, त्यांची जागा बाहेर, वेगळी. इकडे धान साठवायची कणगी असते तशी, म्हणून मी तिचं नाव ठेवलं ढोली. (या नावाबद्दल मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. तिथेच घात झाला.)

जुनी आवृत्ती ऐन गर्दीत गोठायला लागली, तेव्हा नवी बसवणं भाग होतं. भैयाजींनी बजावलं, "रश्मीबाई, एक बी तारीख हरवली ना, तं मी आपला पह्यल्यासारखा तोंडी कारभार करीन." तारीख हरवणं म्हणजे काय ते तुम्ही जाणताच: मंडप दोन गावांत आणि नटी एकच. ज्या गावात पडदा उघडत नाही तिथे खुर्च्या उडतात. शिवाय माझं हे एकुलतं एक गिऱ्हाईक. ते गेलं की मला पुन्हा पुणं. त्या धास्तीने मी बुकिंग बंद केलं, तारखांची नक्कल घरच्या मशीनवर घेतली आणि ती परत भरून, उघडूनही पाहिली. (नक्कल घेणारे पुष्कळ असतात, भरून पाहणारे विरळा.)

मग वडसाला जाऊन जुना डबा फेकला, नवा ठेवला, आणि पाहते तर एकही तारीख नाही! मॅनेजर लहानूभाऊ शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "ढोली मीच साफ केली. नवा धान जुन्यावर टाकते का कोणी? पह्यले रिकामी करा लागते, मंग शेणामातीनं लिपा लागते. लिपाचं बटन काई सापडलं नाई, बाई." या माणसावर रागवायचं तरी कसं? ढोली हे नाव माझं, आणि पासवर्डही मीच दिलेला.

भैयाजी डोक्याला हात लावून बसले. मी मात्र नक्कल काढली, रिकाम्या ढोलीत ओतली आणि सांगितलेला चहा यायच्या आत साऱ्या तारखा जागच्या जागी! भैयाजींनी एकेक गाव मोठ्याने वाचलं आणि शेवटी स्वतः उठून पंखा माझ्याकडे वळवला. या कंपनीत तो मान फक्त नटीला मिळतो. पुढच्या हंगामाचं कामही मलाच दिलं. मामा, मला इतका आनंद झालाय की लहानूभाऊंनाही मी पेढा दिला.

तुमची विजयी भाची,
रश्मी

ता.क. नक्कल नीट भरली का ते ओळखू यावं म्हणून तिच्यात मी एक खोटं बुकिंग टाकलं होतं. गाव कुरखेड्याजवळचं, नायक: गुलाबमामा. नकलेबरोबर तेही खऱ्या तारखांत येऊन बसलं, आणि मी पुसायच्या आत त्या गावच्या मंडळाला निरोप गेला. (निरोप आपोआप जातो. तीही माझीच हुशारी.)

ता.क. दुसरा. मंडळाने पत्रकं वाटली आहेत. तुमचं नाव नटीच्या वर छापलंय. भैयाजींना सांगायला गेले, तर ते म्हणाले, "तुमच्या मशीनमधली तारीख चुकत नाई, तुम्हीच सांगतलं ना?" मामा, मला पुण्याला जायचं नाही. नाटकाची प्रत सोबत पाठवतेय. आजपासून मिशी वाढवायला घ्या.