खुडूक मोडली नाही

आई, यंदा मी कोंबडीची खुडूक मोडली नाही. तांबडी अंड्यांवर उबवायला बसली, अंग फुगवून, हात नेला की टोचायला यायची. मी तिला बसू दिलं आणि पिल्लं फुटल्यावरही तिच्याजवळच ठेवली. तू असतीस तर फुटल्याफुटल्या खोक्यात घालून स्वयंपाकघरात पिवळ्या बल्बखाली नेली असतीस. तिला बादलीत बुचकळून तिचंच पीस तिच्या नाकात आडवं घातलं असतंस, म्हणजे ती पिल्लं विसरून लवकर पुन्हा अंडी घालायला लागली असती. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. तू भाकरी थापतेयस, खोक्यात चिवचिव चाललीय, आणि न बघता तू त्यात चिमूटभर कणी टाकतेस. मी विचारते, आईजवळ का नाही ठेवत? तू म्हणतेस, "तिला काय कलतंय गो? घार आली का पयली तीच पलते." मी ते खरं धरून चालले. स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या बाळंतपणातही तू ‘खुडूक’ हाच शब्द वापरलास. मी मुलीला मांडीवरून खाली ठेवत नव्हते, तर दारात उभी राहून हसलीस, "बग, माजी पोर खुडूक बसली!" आणि तिला उचलून घेऊन गेलीस. अंघोळ तू घालायचीस, शेक तू द्यायचीस, रडली की आधी तू उठायचीस. माझ्याकडे ती दूध प्यायला यायची. सव्वा महिन्यानंतर खारघरच्या फ्लॅटवर गेले तेव्हा अंघोळीला तिला पायांवर कशी घ्यायची हेसुद्धा मला येत नव्हतं. तू गेल्यावर आम्ही इथे, उलव्याला, तुझ्या घरात राहायला आलो. आता चहूकडे टॉवर आहेत, वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत. परसात खुराडं तेवढं राहिलंय, आणि घारी काही कमी झालेल्या नाहीत.

पलीकडची वहिनी कुंपणावरून रोज बजावायची, "तुजे आयशीनं अशी उघड्यावर सोडली नसती. घारीनं नेली का मंग रडशील." मी म्हणायचे, बघू. खरं तर कॉलेजला शिकवायला जाताना जीव टांगणीला लागायचा. पण तांबडी पिल्लांना पायानं माती उकरून दाखवायची, दाणा चोचीत घेऊन परत खाली टाकायची, आणि ती तिच्या पोटाखालून, पाठीवरून वाट काढत यायची. बल्बखालच्या पिल्लांना मी कधी असं चरताना पाहिलं नव्हतं.

मग रविवारी घार आली. तांबडीनं घशातून एक खोल आवाज काढला आणि पिल्लं धावत तिच्या पंखांखाली शिरली. एक पाण्याच्या थाळीपाशी होतं, त्याला उशीर झाला. ती पळाली नाही, आई. ती सरळ घारीच्या अंगावर उडाली, परसभर पिसं उडाली. पण घारीनं ते नेलंच.

मी आतून खोका आणला. आता अकरावीत असलेली तुझी नात पायरीवर बसली होती. "मम्मी, खोका कशाला?"

"एक गेलं ना!"

"मग? बाकीची तिच्याकडेच आहेत ना. तू उगाच टेन्शन घेतेस."

तरी मी हात घातला. तांबडीनं मनगटाला असं टोचलं की रक्त आलं. पिल्लं तिच्या पंखांतून डोकी काढून माझ्याकडे बघत होती. कुंपणापलीकडून वहिनी म्हणाली, "सोड आता, डोला फोडल तुजा." मी खोका रिकामाच परत नेला. बाकीची आता मोठी झालीत, आईला सोडून लांबवर चरतात.

हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहिता येतंय. घार आली की ती पळत नाही, हे तुला दाखवायचं होतं. ते पिल्लू तुझ्याकडे वाचलं असतं, हेही मला माहीत आहे. आणि आणखी एक. तू मुलीला उचलून नेलंस की मी भिंतीकडे तोंड करून रडायचे, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. एकदा-दोनदा रडले असेन. एरवी तू दार ओढून घेतलंस की मला लगेच झोप लागायची.