सोबत जोडला आहे एक शर्ट

प्रति,
माननीय निरीक्षण अधिकारी,
प्रौढ बौद्धिक दिव्यांग निवासगृहे विभाग,
खोली क्रमांक अकरा

विषय : माझा धाकटा भाऊ, वय त्रेचाळीस, यास येत्या बावीस तारखेला निवासगृहाच्या वरच्या मजल्यावर हलवू नये याबाबत.

संदर्भ : १) आपला तपासणी अहवाल, शेरा 'उत्कृष्ट'.
२) माझ्या हरकतीस आपले एका ओळीचे उत्तर : 'निवाशाची संमती घेण्यात आली आहे.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवते की, मी शिवणकाम करते. माझ्या धंद्यात माप न घेता कापड कापणाऱ्याला कुणी दारात उभे करत नाही. आपल्या खात्यात अशा माणसाला अहवाल लिहायला देतात, असे संदर्भ क्रमांक एक वाचून दिसते.

माझा भाऊ, घरचे नाव बापू, आई गेल्यावर, दीड वर्षापूर्वी, या निवासगृहात राहायला गेला. जाताना त्याला शर्टाची बटणे लावता येत होती. आपणास ही गोष्ट किरकोळ वाटेल. आईला ती शिकवायला अकरा वर्षे लागली. मी त्याच्या शर्टाला मोठी बटणे आणि सैल काजे करत असे. आई रोज सकाळी त्याच्यासमोर स्वतःचे हात मांडीवर ठेवून बसे. वीस-पंचवीस मिनिटांनी पाचवे बटण लागले की बापू दोन्ही हातांनी पोट थोपटे, आणि मगच घरात चहा होई. ज्याला घाई असेल त्याने बिनचहाचे जावे, असा नियम होता.

निवासगृहात चहा सातला येतो. तिथल्या काळजीवाहक बाईंविषयी माझी तक्रार नाही. एकटीने चौदा माणसे तयार करायची तर ती बाई तरी काय करणार. त्यांनीच मला सांगितले, "ताई, एका माणसामागे चार मिनिटं मिळतात. हा बटणं लावत बसला तर बाकीचे उघडे बसतील." म्हणून बटणे त्या लावू लागल्या. पुढे बटणांचाही व्याप नको म्हणून डोक्यावरून घालायचे इलॅस्टिकचे झगे आले. सर्वांना एकच माप. बापूचा झगा गुडघ्यापर्यंत येतो, शेजारच्या खाटेवरच्याचा बेंबीपर्यंत. अधीक्षकांनी याला 'समान वागणूक' म्हटले आहे आणि आपण त्यापुढे बरोबरची खूण केली आहे.

आपल्या तपासणी नमुन्यात 'वैयक्तिक मदत किती दिली जाते' असा एक रकाना आहे. मदत जितकी जास्त, तितके गुण जास्त. बापूच्या नावापुढे 'कपडे घालणे : पूर्ण मदत' असे लिहून संस्थेने पूर्ण गुण मिळवले. त्याच कागदाच्या मागे लिहिले आहे : 'कपडे घालण्यास पूर्ण मदत लागते, सबब पूर्ण परावलंबी, सबब वरचा मजला.' येत असलेली गोष्ट ज्यांनी विसरायला लावली त्यांना शाबासकी, आणि जो विसरला त्याची रवानगी. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे निदान चोराचा सत्कार तरी करत नसत.

वरचा मजला मी पाहून आले. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही आणि जिन्याच्या तोंडाशी कुलूपबंद जाळी. खाली बापू दुपारी प्रत्येक खुर्चीसमोर एक ताट मांडतो. ताट कमी पडले तर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. वर ताटे मांडलेलीच येतात. वरून पुन्हा खाली आलेल्या माणसांची नोंद मी मागितली. अधीक्षक म्हणाले, "तशी वही ठेवायची वेळच आली नाही."

आता संमतीविषयी. बापू प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणतो. विचारणाऱ्याचा चेहरा खुलावा, एवढाच त्याचा हेतू असतो. गेल्या रविवारी अधीक्षकांदेखत मी त्याला विचारले : वर राहायला जायचं? हो. खालीच राहायचं? हो. तू इथला अधीक्षक आहेस? हो. या साहेबांना वर ठेवून कुलूप लावायचं? हो, आणि या वेळी तो हसलासुद्धा. आपल्या पद्धतीने पाहता अधीक्षकांच्या स्थलांतरास रीतसर संमती मिळालेली आहे. ती कोणत्या तारखेस अमलात आणणार, ते कृपया कळवावे. अधीक्षक चिडून म्हणाले, "अहो, त्याला काय कळतंय?" हे वाक्य मी त्यांच्यासमोरच लिहून घेतले. ज्याला काही कळत नाही, त्याची संमती आपल्या फायलीत आहे.

आई त्याला प्रश्न विचारत नसे. दोन वस्तू दोन हातांत धरी. हवी असेल तिच्यावर तो हात ठेवी. मीही एका हातात झगा धरला, दुसऱ्यात त्याचा जुना निळा शर्ट. त्याने शर्टावर हात ठेवला आणि उचललाच नाही. मी शर्ट त्याच्या अंगात घातला आणि माझे हात मांडीवर ठेवले. अधीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिले. पस्तीस मिनिटांत तीन बटणे लागली, त्यातले एक चुकीच्या काजात. चौथ्यापाशी त्याची बोटे अडली आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मला रडू आले. आपल्या नमुन्यात त्याला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते.

सबब विनंती की, बावीस तारखेचे स्थलांतर रद्द करावे, बापूला त्याचे शर्ट आणि त्याची वीस मिनिटे परत द्यावीत, आणि आपण एका सकाळी न कळवता येऊन त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसावे. पाचवे बटण लागेपर्यंत आपणास चहा मिळणार नाही.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
बापूची थोरली बहीण
दिनांक : १४

सोबत : निळा शर्ट, एक. त्याची तीन बटणे बापूने लावलेली आहेत. ती न काढता मी शर्ट डोक्यावरून उतरवून घेतला आहे. बापूची हरकत ती हीच. माझा अर्ज तिला नुसता जोडलेला आहे. चुकीच्या काजातले बटण आपल्या कार्यालयात कुणी बरोबर करू नये. शर्ट बावीस तारखेच्या आत परत पाठवावा. उरलेली दोन त्याला लावायची आहेत.