अहो आई

आगमनकाळाचा पहिला रविवार, दुपार

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावानं तुला आणि भावोजींना सलाम. भावोजींचा खोकला कसा आहे? गरम पाणी प्यायला लाव. ऐकणार नाहीत, तरी लाव.

भिंगरी सुखरूप पोचली. प्रवासात एकदाच उलटी झाली, तीही ह्यांच्या नव्या कोटावर. त्यामुळे साहेबांनी आज चर्चमध्ये उपासनेला कोपरावर ठिगळ असलेला जुना कोट घातला. मंडळीतल्या बायकांना वाटलं, आगमनकाळ लागला म्हणून पाळकसाहेबांनी साधेपणा धरला. वाटू दे की, तेवढंच पुण्य.

नाताळपर्यंतच्या चार रविवारांपैकी आज पहिल्याची मेणबत्ती लावली. दुकानदाराला चारही सारख्या दे म्हटलं होतं, तर त्यानं तीन बारीक आणि एक जाडी बांधून दिली. जाडी कधी लावायची यावरून आमची जुंपली. हे म्हणाले शेवटच्या रविवारी, नाताळच्या तोंडाशी शोभेल. मी म्हटलं, अहो, पहिलीलाच सगळे रविवार जळायचंय, तीच जाडी हवी! भिंगरीनं मुकाट्यानं जाडीच उचलली आणि लावली. काडी ओढताना हात जरा म्हणून हलला नाही तिचा. मग मागे सरकून हात जोडून उभी राहिली.

भिंगरी म्हणते खरी, पण ती आता भिंगरी राहिली कुठे? रांगायची तेव्हा एका जागी ठरत नसे, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता बस म्हटलं की बसते, ऊठ म्हटलं की उठते, ताट स्वतः घासते. इतकं वळण कसं लावलंस गं? आपण दोघी तर धपाटा खाल्ल्याशिवाय जागच्या हललो नाही कधी. बायका माझं कौतुक करतात, "काय शिस्त आहे हो तुमच्या लेकीला!" आणि मी हसून मान डोलावते, जसं काही मीच लावली.

एक गंमत सांगते. ती मला "अहो आई" म्हणते. "अहो आई, तुम्ही बसा, मी आणते." "आई, तुमचा चहा गार झाला." पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, माझ्या सासूबाई आल्या की काय! तुझी काही चूक नाही, ताई. रोज भिंतीवरच्या आमच्या फोटोपुढे उभी करून "ही आई, हे पपा" म्हणवून घेत होतीस, मला ठाऊक आहे. पण फोटोला माणूस अगं-तूगं कसं करणार? तुझं नाव निघालं की मात्र "ताई अशी करते, ताई तशी करते". हे सांगत होते, निघताना ती तुझ्या गळ्यात पडून "ए ताई, तू पण चल ना" म्हणाली. इथे संडे स्कूलची पोरं माझ्या बाहीला नाकं पुसतात, "ए बाई, ए बाई" करून डोकं उठवतात. माझी तेवढी अहो-जाहो करते. होईल सवय.

आता कामाचं. ह्यांनी भावोजींना लिहिलंच आहे, तरी मी माझ्या हातानं लिहिते. आता इथे दवाखाना आहे, नर्सबाई चोवीस तास आहेत, शाळा अंगणाला लागून आहे. तापात पोर हातची जात होती म्हणून तुझ्याकडे पाठवली. पाठवली नसती तर उरली नसती. तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण "पुढच्या नाताळला आणू" म्हणता म्हणता मिशननं आम्हाला या गावाहून त्या गावाला हलवलं आणि प्रत्येक गाव आधीच्याहून ओसाड. आता ते संपलं. आता ती आमच्याजवळच राहील.

तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, सुट्टीला आलीय. जरा रुळू दे, मग सांगते. तूही तिला काही लिहू नकोस. ट्रंकेत उन्हाळ्याचे फ्रॉकसुद्धा इस्त्री करून भरलेस, म्हणजे तुला सगळं उमगलंय.

तुझी,
धाकटी

*

आगमनकाळाचा तिसरा रविवार

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र पोचलं. दोनच ओळी? आणि त्यातही एकच प्रश्न, "रडते का?" छे गं. अजिबात रडत नाही. जेवते, झोपते, प्रार्थनेत डोळे मिटते. नर्सबाईंनी वजन केलं, वाढलंय. झालं समाधान?

इकडे धांदल चाललीय. नाताळच्या नाटकाचे कपडे माझ्याच गळ्यात पडलेत. जुन्या मच्छरदाणीचे पंख शिवलेत, मेंढपाळांना दाढ्या हव्यात, तर सगळ्या मेंढपाळांना कापसानं शिंका येतात. हे दोन उपदेश एकदम लिहितायत. आजचा वाट पाहण्यावर होता. धीर धरून वाट पाहावी, येणारा येतोच, वगैरे. मी पुढच्याच बाकावर बसले होते. वाट पाहणं मला कुणी शिकवू नये, ह्यांनी तर नाहीच नाही.

ते अहो-आईचं प्रकरण अजून तसंच आहे. तू म्हणशील, एवढं काय त्यात. मलाही वाटलं, खेळीमेळीनं सुटेल. मी म्हटलं, "हे बघ, मला 'तू' म्हटल्याशिवाय मी ओ देणार नाही." तर पोरीनं काय करावं? तुम्हीही नाही आणि तूही नाही! "आई, जेवायला बसायचं का?" "आई, दिवा मालवायचा का?" "पपांनी बोलावलंय." सगळी वाक्यं अशी बेतून काढते की मी त्यात कुठे येतच नाही. एवढीशी पोर, पण व्याकरणात मला गुंडाळून ठेवलं. हे पोट धरून हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन उगीच भांडी घासत बसले.

तालमीत तर कहरच. भिंगरी देवदूत आहे. मरिया झालेल्या मुलीला गालगुंड झालं, म्हणून त्या दिवशी मरियेच्या जागी मी उभी राहिले. देवदूतानं यायचं आणि म्हणायचं, "मरिये, घाबरू नकोस, तुला मुलगा होणार आहे." ह्यांनी लिहिलेली साधी वाक्यं, घडाघडा पाठ तिला. आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मरिये, घाबरू नका, तुम्हाला मुलगा होणार आहे." सगळं गायनमंडळ हसून लोळलं, योसेफ तर बाकावरून खाली पडला. तिचा चेहरा लालबुंद झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी उभी केली, तर एका दमात "घाबरू नकोस" म्हणाली. म्हणजे मरियेशी ती चुकत नाही. माझ्याशी चुकते.

अजून सांगितलं नाही तिला. मुहूर्तच सापडत नाही. हे म्हणतात, नाताळनंतर सांग, आत्ता कशाला पोरीचा सण नासवायचा. रात्री कौटुंबिक प्रार्थनेत तिची पाळी आली की ती सगळ्यांसाठी मागते, आणि शेवटी "ताईचे पाय दुखू देऊ नको" म्हणते. देवालाही "तू"च म्हणते बघ.

तुझे पाय दुखतात हे मला कधी लिहिलं नाहीस.

धाकटी

*

नाताळचा दुसरा दिवस

ताई,

सलाम-बिलाम शेवटी. आधी सांगायचं ते सांगते, नाहीतर पुन्हा हवापाण्यावर घसरेन.

नाटक छान झालं. हे बघ, घसरलेच! पण ते तुला ऐकायचं असणार. तिचा डावा पंख मध्येच सुटला, तर एका हातानं तो धरून तिनं सगळं बोलणं नीट पुरं केलं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा पंख धरूनच मान लववली. शोभली गं. खूप शोभली. तू असायला हवी होतीस.

काल सकाळी उपासना झाली आणि मंडळीला आमच्याकडे चहा होता. नव्या फ्रॉकात भिंगरी केकचा ट्रे घेऊन फिरत होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिचा गाल ओढला आणि म्हणाल्या, "काय गं, सुट्टी संपली की आमच्या चौथीत ना?" भिंगरी म्हणाली, "नाही बाई, मी घरी जाणार आहे." त्या हसल्या. "वेडी! हेच ना तुझं घर? नाव घातलंय तुझं आम्ही."

ट्रे हातातून पडला नाही तिच्या. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मग उरलेल्या सगळ्यांना केक वाटला, "घ्या ना, अजून घ्या" केलं, कप गोळा केले. शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेला तशी स्वयंपाकघरात आली, ट्रे ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तू मला सांगितलं नाहीस."

ताई, खरं सांगते, पुढचं मला ऐकूच आलं नाही. कानात नुसतं "तू" घुमलं. आणि मी हसले. देव मला क्षमा करो, ऐन त्या क्षणी मला आनंद झाला आणि मी हसले!

मग ती फुटली. "तू हसतेस काय? तू खोटं बोललीस. नाताळला ये म्हणालीस, नाताळला. तू ताईला एकटी ठेवलंस. रात्री तिचे पाय दुखतात, तेल कोण लावणार? काका झोपतात, त्यांना जाग येत नाही. तू वाईट आहेस. मला नाही राहायचं तुझ्याकडे." इतके दिवस ज्याच्यासाठी मी जीव टाकत होते, ते तिनं ओंजळीनं माझ्या तोंडावर मारलं. जवळ ओढायला गेले तर ढकलून दिलं. कपाटापाशी जाऊन उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. आणि मग तीच आली आणि माझ्या पोटाशी घुसली, कारण इथे दुसरीकडे जायला तिला कुणी नव्हतं.

मी थोपटायला लागले. हुंदक्यातून म्हणाली, "असं नाही. ताई वरून खाली हात फिरवते." मी फिरवला. "हळू." हळू फिरवला. अशी ती झोपली, भर दुपारी, ओट्याच्या कडेला खाली जमिनीवर, माझ्या मांडीवर. पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. तान्ही होती त्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्या मांडीवर झोपली होती. आणि झोपली होती तुझ्यासाठी रडून.

हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "रुळेल गं. पोरं रुळतात. प्रभूची इच्छा असेल तर..." मी म्हटलं, "प्रभूला मध्ये आणू नका. आज त्याचा वाढदिवस आहे, त्याला सुखानं साजरा करू द्या." लग्नापासून असं कधी बोलले नव्हते ह्यांना. बिचारे खाली बसले माझ्याशेजारी, नवा कोट घालून, जमिनीवर. तिच्या फ्रॉकवरचे केकचे कण वेचत म्हणाले, "मग काय करायचं?" तोवर माझं ठरलं होतं.

ठेवली तर रुळेल, ते मलाही कळतं. वर्षभरात "ए आई" करील, माझ्याही बाहीला नाक पुसेल. पण एकदा आईवेगळी केली तिला, ती तापातून वाचवायला. आता पुन्हा आईवेगळी करू, ती कशातून वाचवायला? माझ्या हौसेतून? मला तुझा हेवा वाटतो, ताई. लपवत नाही. तुझे ते दुखरे पायसुद्धा मला हवेसे वाटतात. पण हेव्यापायी पोर ठेवून घ्यायची, एवढी मी अजून झाले नाही, आणि होईन त्याच्या आत ती इथून निघालेली बरी.

आज सकाळी तिला सांगितलं, ताईकडे परत जायचंय. "खरंच? नक्की?" असं विचारलं. मी मान हलवली तशी अंगणातून गरागरा फेऱ्या मारत सुटली, अगदी रांगत होती तेव्हासारखी. मग आत आली, तोंड धुतलं, वेणी नीट केली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो आई, तुम्ही रडू नका हं. मी तुम्हाला पत्र लिहीन."

हे तिला घेऊन येतायत. मी येत नाही. आले तर तुझ्या उंबऱ्यातून माझा पाय निघायचा नाही. उन्हाळ्याचे फ्रॉक जसे आले तसेच परत भरलेत. पायाला लावायचं औषध नर्सबाईंनी दिलंय, ते तिच्या हाती देते. ते तिनंच लावायचं आहे, तसं बजावलंय मी तिला.

एक माझं ऐक. ताई, ताई म्हणते तुला, ते आता पुरे. तुला आई म्हणू दे. सुरुवातीला अडखळेल, तू फक्त ओ देत जा. माझं मन दुखेल म्हणून तिला अडवू नकोस. मला काय म्हणायचं, ते मी तिला गाडीत बसवताना सांगणार आहे. निघायच्या आधी जमेल की नाही कोण जाणे, म्हणून इथे सही करून ठेवते.

भावोजींना सलाम.

तुझी धाकटी बहीण,
आणि तुझ्या लेकीची
मावशी