दोन हात आणि एक वीत

कामरगाव,
६ नोव्हेंबर २०२२

चि. संघदीप यास रत्नाताईचे अ. आ. व सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे आम्ही ठीक. आई म्हणते, पोरगं फोनवर नुसतं हो हो करते. म्हणून पत्र लिहिते आहे. कागदावर हो हो करून सुटता येत नाही.

मागच्या हंगामात सोजरबाईचा पंजा थ्रेशरच्या तोंडात गेला, तुला माहीतच आहे. यंदा आम्ही बावीस जणींनी ठरवलं की यंत्राच्या तोंडाला, हात दातांपर्यंत पोचणार नाही अशी लांब पन्हळ बसल्याशिवाय एकही बाई सोयाबीन आत सारणार नाही. गावात थ्रेशर दौलतरावांचं. ते आधी हसले, मग रागावले. कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या अठरा दिवस वावरात पडून होत्या आणि आभाळ रोज भरून यायचं. शेवटी तेच मला घेऊन शेलूबाजारला किसनसिंग वेल्डरकडे गेले. टेप काही सापडेना, तेव्हा त्याने माझ्याच उजव्या हाताने माप घेतलं, बायांत मी सगळ्यात उंच म्हणून. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दोन हात, आणि वर एक वीत. तीन आठवडे झाले, कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

तुमचा कारखाना हीच यंत्रं करतो. साहेबांच्या कानावर घाल. आणि तुझं पोट सुटलं असं तुझा दोस्त विकास सांगत होता, तेवढं आवर.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझी,
रत्नमाला

पुणे,
९ जानेवारी २०२३

ती. रत्नाताईस संघदीपचा शि. सा. जयभीम.

ताई, तू तर आमचा कारखाना हलवलास! लांब पन्हळीचा कागद मी चार वर्षं वर पाठवत होतो, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तुमची बातमी पेपरात आली, पाठोपाठ आणखी गावांतल्या बाया अडून बसल्या, विक्रेत्यांनी जुनी यंत्रं घ्यायचं थांबवलं, आणि मोठ्या साहेबांनी मला खुर्ची देऊन बसवलं. चाचणीचं काम माझ्याकडे आहे. लाकडाचा हात करून पाचशे वेळा आत सारला. एकदाही दातांपर्यंत पोचला नाही.

फक्त वरची वीत काढली. ती काढली की एका पत्र्यात तीनऐवजी चार पन्हळी निघतात. साहेब म्हणाले, दोन हात पुष्कळ झाले. चाचणीतही तेवढे पुरले. रागावू नकोस.

आईला जयभीम. माया असू द्यावी.
तुझा,
संघदीप

कामरगाव,
२ फेब्रुवारी २०२३

चि. संघदीप यास अ. आ. व जयभीम.

रागावले आहे. तुझा लाकडी हात कशावर उभा होता? सिमेंटच्या फरशीवर ना? इथे थ्रेशरपुढे पायाखाली सोयाबीनचे दाणे सांडलेले असतात. त्यावरून पाय सटकला की बाई सरळ पुढे जाते. सोजरबाई तशीच गेली होती. ती वीत हातासाठी नाहीच बाबा, पायासाठी आहे. शेंबड्या पोराला कळतं ते इंजिनियरला कळू नये?

तुमच्या नव्या यंत्राचं माहितीपत्रक दौलतरावांनी दाखवलं. त्यावर नखं रंगवलेली कोणी शहरातली पोरगी पन्हळीला टेकून हसते आहे. सोजरबाई म्हणाली, कारखान्याले आपले हात नाही दिसत, पत्रा दिसते.

वीत परत घाल. तोवर कशावर सही करू नकोस. तू आमच्यातला आहेस म्हणून तुला लिहिते, साहेबाला नाही.

लोभ कमी झालेला नाही, पण परीक्षा पाहू नये.
रत्नमाला

पुणे,
१८ सप्टेंबर २०२३

ती. रत्नाताईस शि. सा. जयभीम.

उत्तराला उशीर झाला. ताई, यंत्र तपासल्याच्या कागदावर माझी सही जानेवारीतच झाली होती. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

दौलतरावांनी आमचं नवं यंत्र घेतलं आहे. बाया त्यापुढे उभ्या राहणार नाहीत म्हणतात, अशी विक्रेत्याची तक्रार आली, आणि त्यात पहिलं नाव तुझं. तू माझी बहीण, हे साहेबांना कळलं. घरचीच माणसं तुमच्या यंत्राला नावं ठेवतात, मग तुम्ही तपासलं काय, असं चारचौघांत विचारलं.

एकदाच उभी राहा. तू राहिलीस तर बाकीच्या राहतील. पुढच्या वर्षीच्या यंत्रात वीत घालून घेतो, शब्द देतो. माझी नोकरी आता तुझ्या हातात आहे.

माया असावी, हे यंदा मागून घेतो.
संघदीप

कामरगाव,
५ नोव्हेंबर २०२३

चि. संघदीप यास अ. आ. व जयभीम.

अक्षर निकिताचं आहे, मजकूर माझा. माझ्या पोरीचं अक्षर चांगलं आहे, तेवढंच बरं.

मी उभी राहिले. सोजरबाई म्हणाली होती की काहून जातं वं, तुले दिसत नाही का. मी म्हटलं, भावाने तपासलं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी दाण्यांवरून पाय सटकला. उजवा हात मनगटापासून गेला. अकोल्याला बारा दिवस होते. तू आलास तेव्हा मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते.

कारखान्याची दोन माणसं घरी येऊन गेली. त्यांच्या मते मी निष्काळजी होते. तुझ्या सहीचा कागद त्यांनी आईपुढे धरला. आईला वाचता येत नाही, पण तुझी सही तिला ओळखू येते.

तालुक्यातल्या बाया पुन्हा अडून बसल्या आहेत, या वेळी फार जणी. तुमच्या साहेबांनी कळवलं आहे की पुढच्या यंत्रात वीत येईल. म्हणजे तुझा शब्द खरा झाला. किसनसिंग आहे त्या यंत्रांना वीतभर पत्रा जोडतो आहे. काल माप घ्यायला आला आणि नुसताच उभा राहिला. मी डावा हात पुढे केला.

शेवटी लोभ असावा लिहू का, असं निकिता विचारते. मी म्हटलं, ती जागा कोरी सोड.

रत्नमाला