बाई, तुम्ही आला नाहीत

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही. तरी आज थोडी रागावणार आहे. आधी चांगलं सांगते.

भूगोलाचा तास. मार्च संपत आलाय, पत्र्याखाली वर्ग भाजतोय, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारे कसे वाहतात, हे मी उभी राहून घडाघडा सांगते: समुद्रावरून, गार आणि दमट. दुसऱ्या कुणी शाबासकी दिली असती. तुम्ही पदरानं मानेवरचा घाम पुसता आणि विचारता, "काहून वं, समुद्र कधी पाह्यला तुनं?"

"नाही बाई. पुस्तकात लिवलं हाय."

"पुस्तक नागपूरले राह्यते का?"

वर्ग हसतो, मला रडू फुटतं. मग तुम्ही आम्हाला ओले रुमाल घेऊन मैदानात काढता. रुमाल बघता बघता कडक वाळतात. "आता सांगा, वारा कसा हाय?" उत्तर तुम्ही दिलं नाहीतच. मोठ्या बाईंनी व्हरांड्यातून डोळे वटारले, तर "पोरी अभ्यास करून राह्यल्या" म्हणालात. स्वतः पाहिलेलं छापलेल्याविरुद्ध बोलता येतं, हे मला त्या उन्हात कळलं.

मॅट्रिक झाले आणि कळमेश्वरचं स्थळ आलं. शेतीवाडी, माणसं चांगली, नाही म्हणायला जागाच नव्हती. मला कॉलेजात जायचं होतं. मी धावत प्रतापनगरला तुमच्याकडे आले. तुम्ही अंबाडी निवडत होतात.

"बाई, तुम्ही बाबाले समजवा ना. तुमचं ऐकतीन ते."

"मी कायले येऊ वं? शिकाचं तुले हाय. काहून शिकाचं हाय, ते तूच सांग." आणि पुन्हा मान खाली, अंबाडीत. परतताना मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले! पण बाबा जेवायला बसले तेव्हा म्हटलं, "बाबा, वारा कुठून येते, ते मले शिकाचं हाय." त्यांचा घास हातातच राहिला. आधी हसले, मग खरंच विचारू लागले. मी रुमालांचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बरं, एक साल पाहू." ते एक साल मी आजवर पुरवलं.

आता नंदनवनातल्या शाळेत भूगोलच शिकवते. परवा एक मुलगी आली. तिचंही लग्न ठरत होतं. "बाई, तुम्ही घरी चला ना." मी तुमचंच वाक्य तिला ऐकवलं, जरा ऐटीतच. ती "हो बाई" म्हणून निघाली, आणि तिची पाठ पाहताना एकदम आठवलं, त्या संध्याकाळी मी किती एकटी होते. माझे बाबा हसणारे निघाले म्हणून निभावलं. तिचे तसेच असतील कशावरून? बाई, तुमचं चुकलं. बोलायचं मुलीनंच, पण शेजारी कुणीतरी बसायला हवं. मी चपला घातल्या आणि तिला गाठलं. तिच्या घरी बोलली तीच, मी गप्प चहा पीत बसले. वडिलांनी होकार दिलेला नाही, पण "पुढं बोल" म्हणाले.

हे वाचून तुम्ही खूश झाला असतात, मला ठाऊक आहे. तरी हे पत्र टाकायला पत्ता नाही तेच बरं. तुम्ही असतात, तर ‘तुमचं चुकलं’ लिहायची माझी छाती झाली नसती.